नाव बदललं तरी वस्ती ओळखतेच. प्रबंधात काय लिहावं?

शेवंतीचा_मळा (सोमवार, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी समाजशास्त्रात पीएचडी करतेय. विषय ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या खान्देशातल्या बायका. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडच्या वस्त्या ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरंटोरं, भांडीकुंडी सगळं गाडीत घालून बारडोली-सुरतकडच्या पडावावर. परत येतात ते उन्हाळ्यात. दोन उन्हाळे मी तीन वस्त्यांत ३४ बायकांशी बोलले. प्रत्येकीचं संमतीपत्र आहे, सही नाहीतर अंगठा. नावं बदललीत, वस्त्यांना अ, ब, क म्हटलंय. कागदोपत्री सगळं चोख.

अडलंय एका बाईपाशी. [इथल्या सहा ओळी काढल्या आहेत. कारण खाली प्रतिसादांत सापडेल. – संपादक मंडळ] दीड तास बोलली. रेकॉर्डर बंद केला, चहा झाला, मी निघायला उठले आणि तिने आणखी एक गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाली, "हाई लिखू नको, बहीन." मी मान हलवली. त्याच रात्री घरी येऊन डायरीत सगळं उतरवूनही काढलं. शिकवलंच तसं आहे ना, नोंदी त्याच दिवशी करा म्हणून.

आता चौथं प्रकरण लिहितेय, आणि त्या प्रकरणाचा सगळा जीव त्या दहा मिनिटांत आहे. गाइडना दाखवलं, ते खूश. म्हणाले, संमतीपत्र आहे ना? नाव बदललंय ना? मग लिही. त्या वस्तीत तुझा प्रबंध कोण वाचणार आहे?

गाइड वाईट नाहीत हो. माझ्या फेलोशिपच्या कागदांसाठी स्वतः खेटे घातलेत त्यांनी. पण वस्ती चाळीस-बेचाळीस घरांची. तिचं नाव मी सखू ठेवलं काय नि लीला ठेवलं काय, दोन वाक्यं वाचली की कुणीही सांगेल कोण ते. काय करू?


तापीकाठ (सोमवार, रात्री ११:३२)

लिहू नको म्हणाली ना ती? मग नका लिहू. धागा संपला. झोपा.


पेपर_एकचा_बळी (मंगळवार, सकाळी ७:०५)

ताई, नेट परीक्षेचा अभ्यास चालू आहे म्हणून ताजं आहे. माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीचे टप्पे: न्यूरेंबर्ग संहिता १९४७, हेलसिंकी जाहीरनामा १९६४, बेलमाँट अहवाल १९७९. बेलमाँटची तीन तत्त्वं: व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. बेलमाँटच्या मागे टस्कीगीचं प्रकरण. अलाबामातल्या सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अभ्यास चालला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, तो त्यांना सांगितला नाही आणि पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. मिलग्रॅमचा माणसांना ४५० व्होल्टपर्यंतचे खोटे शॉक द्यायला लावणारा प्रयोग, झिंबार्डोचा दोन आठवड्यांसाठी मांडलेला लुटूपुटूचा आणि सहा दिवसांत गुंडाळावा लागलेला तुरुंग, हेही लक्षात ठेवा. तुमच्या प्रश्नाला पहिलं तत्त्व लागू होतं.


मास्तर_निवृत्त (मंगळवार, सकाळी ९:४०)

बाळा, चारही पर्याय बरोबर. पण पोरीने विचारलंय ते पेपरात येत नाही. टस्कीगीत काय चुकलं ते आज शेंबडं पोरही सांगेल. इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही. बाई मनाने बोलली, पोरीने मनाने ऐकलं, आणि तरी गाठ बसलीये. अशाच गाठी सुटता सुटत नाहीत.

शेवंतीताई, तुमचे गाइड संमतीपत्र आहे म्हणतात. त्या कागदावर काय लिहिलंय ते एकदा इथे सांगाल का?


शेवंतीचा_मळा (मंगळवार, दुपारी १:१५)

सर, नेहमीचंच. "मी स्वखुशीने या संशोधनात सहभागी होत आहे, मिळालेली माहिती केवळ शैक्षणिक कामासाठी वापरली जाईल, माझी ओळख गुप्त ठेवली जाईल." डिपार्टमेंटमध्ये एक नमुना फिरत असतो, प्रत्येक जण त्यातला विषय बदलून घेतो. मी वाचून दाखवला होता. पण खरं सांगायचं तर "स्वखुशीने" वाचेपर्यंत निम्म्या बायका अंगठा पुढे करून बसलेल्या असायच्या.


गोळ्या_वाटणारी (मंगळवार, दुपारी ३:२०)

अंगठ्यावरून लिहावंसं वाटलं. मी आरोग्य खात्यात, नंदुरबार जिल्ह्यात बारा वर्षं काढली. पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला कागद आणि शाई दाखवली की त्याला आधी सावकार आठवतो. आज्याने अंगठा दिला आणि रान गेलं, ही गोष्ट दर दुसऱ्या घरात आहे. तुम्ही म्हणता ही तुमच्या रक्षणासाठी सही. तो म्हणतो मी बोलतो की तुझ्याशी दिवसभर, कागद कशाला? आता यात कुणाचं रक्षण होतं? तुमचं. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद आहे.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत निरक्षर माणसासाठी निःपक्षपाती, साक्षर साक्षीदाराची सोय आहे, तोंडी संमतीलाही वाव आहे. त्यात आरोग्याशी जोडलेल्या सामाजिक संशोधनावर स्वतंत्र प्रकरणही आहे. त्याच्याही आधी, २००० साली, मुंबईच्या 'सेहत' या संस्थेच्या पुढाकाराने एका राष्ट्रीय समितीने सामाजिक शास्त्रांतल्या आरोग्य-संशोधनासाठी वेगळी तत्त्वं काढली होती. म्हणजे आपल्याकडे काही नाही असं नाही. फक्त ते कपाटात आहे.

आणि गुपिताचं म्हणाल तर आमचा सिकलसेल बघा, रक्ताचा आनुवंशिक आजार. तपासणी होते, कागद हातात येतो, आणि पोरीचं लग्न जमवताना तो कागद कुणाच्या हाती लागला तर जमलेली सोयरीक मोडते. आजार तिला नसतो, ती फक्त वाहक असते. हे मोडलेलं लग्न कुठल्या रकान्यात भरू?


केळीबाग (मंगळवार, रात्री ८:५०)

आमच्या रावेर-यावलकडची गोष्ट सांगतो, थोडी वेगळी आहे. बागेत घड कापायचं काम चालू, ट्रक उभा, आणि दोन पोरं फायली घेऊन हजर. मजुरांची माहिती पाहिजे म्हणे. प्रश्नावली २२ पानांची! मी म्हटलं संध्याकाळी घरी जा त्यांच्या. तर म्हणे सहाच्या गाडीने परत जायचंय. एका बाईला धरून बसवलं चाळीस मिनिटं. बाकीच्या बाया घड वाहून राहिल्या आणि तिच्याकडे बघून राहिल्या. तिचा रोज मी कापला नाही, पण कापणारे आहेत. प्रश्न कोणता होता माहीत आहे? "तुम्हाला कामाच्या ठिकाणी मोकळेपणाने बोलता येते का? (१) नेहमी (२) कधीकधी (३) कधीच नाही." आणि मी मालक, दहा फुटांवर उभा.

तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही म्हणा याचा. पण सांगून टाकलं, बरं वाटलं.


मास्तर_निवृत्त (मंगळवार, रात्री ९:१५)

केळीबाग, संबंध आहे हो. पुढे कळेलच.


गिरणाथडी (बुधवार, सकाळी १०:३०)

समाजशास्त्र शिकवते, म्हणून गाइडच्या एका वाक्यावर बोलते. "त्या वस्तीत प्रबंध कोण वाचणार?"

न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावावर आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांनी अभ्यास केला, १९५८ साली पुस्तक आलं. गावाला स्प्रिंगडेल असं खोटं नाव, माणसांनाही खोटी नावं. गावाला आधी सांगितलं होतं की कुणाचीच ओळख पटणार नाही. गावातला राजकारणी कोण, दुकानदार कोण, हे गावाला ओळखायला किती वेळ लागणार? सगळ्यांनी वाचलं. मग ४ जुलैच्या मिरवणुकीत लोक मुखवटे घालून, गाड्यांवर पुस्तकातली स्वतःची खोटी नावं लावून निघाले. सगळ्यात शेवटी शेणखत पसरायची गाडी, खताने भरलेली, आणि त्या खतावर ओणवा केलेला लेखकाचा पुतळा.

आपल्या पोळ्याला असं कुणी केलं तर मी बघायला येईन.

ही साठ-सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा पुस्तक विकत आणावं लागायचं. आपले प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर चढतात. मुकादमाच्या पोराने तालुक्याचं नाव आणि "ऊसतोड" एवढं टाकलं तरी पीडीएफ त्याच्या मोबाइलवर. त्यामुळे वाचणार कोण याचं उत्तर: ज्याने वाचू नये तोच आधी वाचणार.

अवांतर: पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये यूजीसीने २०१९ पासून संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा पेपर सक्तीचा केला. ३० तास. त्यात वाङ्मयचौर्य, बोगस जर्नलं, सायटेशनचे आकडे हे भरपूर. समोर बसलेल्या माणसाचं काय, यावर तास उरतच नाहीत. दुसऱ्याचं वाक्य चोरलं तर सॉफ्टवेअर पकडतं. दुसऱ्याचं गुपित उचललं तर 'मूळ योगदान' म्हणून गुण मिळतात.


धुळ्याचा_वकील (बुधवार, दुपारी ४:००)

कायद्याचं थोडं. आधी एक विचारतो, तपशील नकोत, फक्त हो किंवा नाही: त्या गोष्टीत अठरा वर्षांखालचं कुणी आहे का? असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल, तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे आणि गुप्ततेचं वचन तिथे टिकत नाही. ही मर्यादा मुलाखतीच्या आधी सांगायची असते. पुष्कळ संशोधकांना ती माहीतच नसते.

दुसरं, पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं कायदा जपतो. संशोधकाला आपल्याकडे तसं कवच नाही. "ओळख गुप्त ठेवली जाईल" हे तुम्ही लिहून दिलंत, पण कोर्टाने वही मागितली तर? उत्तर आयर्लंडच्या हिंसक काळातल्या लोकांच्या मुलाखती अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने घेऊन ठेवल्या होत्या, तुम्ही हयात असेपर्यंत बाहेर येणार नाहीत या बोलीवर. २०११ मध्ये अमेरिकन कोर्टामार्फत समन्स निघालं आणि काही ध्वनिफिती उत्तर आयर्लंडच्या पोलिसांकडे गेल्याच. जे आपल्या हातात नाही त्याची हमी कागदावर देऊ नये. "मी माझ्याकडून जपेन" एवढंच लिहावं.


शेवंतीचा_मळा (बुधवार, सायंकाळी ६:२०)

नाही, अठराखालचं कुणी नाही. त्यातल्या कुणालाच आज धोका आहे असंही नाही. तिची स्वतःची गोष्ट आहे, झालेली.


ठोसा (बुधवार, रात्री १०:०५)

सगळे फारच हळवे झालेत म्हणून उलटी बाजू मांडतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी कुणीतरी बाहेर काढली म्हणून सरकारला समिती नेमावी लागली. तेव्हाही सगळ्यांनी "बायकांची अब्रू" म्हणत वह्या मिटल्या असत्या तर? गुप्तता, गुप्तता करत शेवटी कोण सुटतं? मुकादम सुटतो, कारखाना सुटतो. तुमच्या प्रबंधात कारखान्याचं नाव आहे का? नसणारच. तेही "कारखाना क्ष". गरिबाचं नाव झाकता झाकता धनदांडग्याचंही आपोआप झाकलं जातं, हे कुणाच्या सोयीचं आहे?


गिरणाथडी (बुधवार, रात्री १०:४०)

ठोसा, मुद्दा बिनतोड आहे आणि मला तो झोंबला. पण बीडच्या बायका बोलल्या, आपलं बाहेर यावं म्हणून बोलल्या. ही बाई "लिखू नको" म्हणाली. कारखान्याचं नाव घालायला हरकत नाही, किंबहुना घालाच. कारखाना लिहू नको म्हणाला होता का?


ठोसा (बुधवार, रात्री १०:५२)

हा हा. बरं.


रानवाट (गुरुवार, पहाटे ५:५०)

मी भिल्ल आहे, आमच्या वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट. दोन गोष्टी बोलतो, राग मानू नका.

एक. धाग्याच्या पहिल्या मजकुरात तुम्ही तालुका लिहिलाय, वस्ती कोणत्या धरणाच्या वरच्या अंगाला आहे ते लिहिलंय, बाईचं वय, तिच्या घरात कोण आहे आणि ती पूर्वी काय होती ते लिहिलंय. मला गाव कळलं. माझ्या आत्याला दाखवलं असतं तर बाईपण कळली असती. तिची गोष्ट प्रबंधात लिहू की नको, हे तुम्ही इथे आम्हा सगळ्यांना विचारलंत, पण विचारता विचारता अर्धी सांगूनही टाकली.

दोन. त्या वस्तीत तुम्हाला कोणी नेलं? आमच्याकडे कुणी बाहेरची बाई आपसूक येऊन दीड तास बसत नाही. कुणीतरी घेऊन येतं. कोण ते?


संपादक मंडळ (गुरुवार, सकाळी ८:१५)

रानवाट यांच्या पहिल्या मुद्द्याची दखल घेऊन, धागाकर्तीच्या संमतीने, मूळ मजकुरातल्या सहा ओळी काढल्या आहेत. त्या ओळी उद्धृत केलेले दोन प्रतिसादही अप्रकाशित केले आहेत. कुणाकडे स्क्रीनशॉट असेल तर कृपया पुसावा.


शेवंतीचा_मळा (गुरुवार, सकाळी ११:३०)

रानवाटदादा, सकाळपासून तीन वेळा लिहिलं आणि खोडलं.

मामा घेऊन गेले होते. माझे मामा. त्यांची बागायत आहे, आणि त्या वस्तीतल्या बाया पावसाळ्यात निंदणी-खुरपणीला त्यांच्याच शेतात येतात. मामांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "ही माझी भाची, हिला काय पाहिजे ते सांगा." मला तेव्हा फार सोपं गेलं. एकही बाई नाही म्हणाली नाही. ३४ पैकी ३४. प्रकरण दोनमध्ये मी हे "सहभागींचा उत्स्फूर्त प्रतिसाद" या मथळ्याखाली लिहिलंय.


मास्तर_निवृत्त (गुरुवार, दुपारी १२:१०)

केळीबाग, आता लागला का संबंध? तिथे मालक दहा फुटांवर उभा होता. इथे मालक गावात आहे आणि भाची समोर बसलीये. "मोकळेपणाने बोलता येते का," (१), (२) की (३)?

पोरी, रडू नकोस. कबूल केलंस हेच पुष्कळ. तो मथळा मात्र आज रात्रीच खोड.


केळीबाग (गुरुवार, दुपारी १२:४५)

लागला मास्तर. माझ्याच बागेत बसून ते २२ पानी फॉर्म भरले गेले, आणि मीच पोरांना खुर्च्या दिल्या होत्या.


आश्रमशाळा_९१ (गुरुवार, सायंकाळी ५:३०)

शिक्षक आहे, ओळख देत नाही. नाही म्हणायची सोय नसताना घेतलेला होकार आम्ही रोज बघतो. वर्षातून चार-पाच वेळा कुणीतरी सर्वेक्षण घेऊन येतं. वजन, उंची, आवड-निवड, "करिअरविषयक आकांक्षा". पालक ऐंशी किलोमीटरवर, पोरं आमच्या ताब्यात, मग सही कुणाची? आमची. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रात खम्मम आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची) लस देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात वसतिगृहांच्या वॉर्डननी आणि हेडमास्तरांनी संमतीवर सह्या केल्याचं पुढे उघड झालं. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला, २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने ताशेरे ओढले. ती लस होती म्हणून संसदेपर्यंत गेलं. प्रश्नावलीने कुणाला ताप येत नाही, त्यामुळे आमच्या सह्या चालून जातात.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, सर, नाही भरला फॉर्म तर जेवायला देणार नाहीत का? मी हसलो. नंतर हसू आलं नाही.


रानवाट (गुरुवार, रात्री ९:२०)

ताई, खरं बोललात त्याबद्दल आभार. मामा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण ती बाई रेकॉर्डर बंद झाल्यावर का बोलली याचा विचार करा. चालू असेपर्यंत ती मामांच्या भाचीशी बोलत होती. बंद झाल्यावर तुमच्याशी बोलली. म्हणून म्हणाली लिखू नको.

माझी आजी एका गोष्टीत पक्की होती. कुणी वही काढली की विचारायची, "कसाले लिखी राहिना, भो?" उत्तर पटलं तर बोलायची, नाहीतर गाय सोडायला निघून जायची. आमच्या शेजारच्या पारध्यांच्या पालावर तर नावही सांगत नाहीत. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या जमातीची नावं यादीत घातली आणि पुढच्या पिढ्या जन्मतः गुन्हेगार ठरल्या. १९५२ मध्ये यादी रद्द झाली, भीती नाही झाली. वनजमिनीच्या नेवाडावर (जंगल साफ करून केलेल्या शेतावर) कसणाऱ्याला तुम्ही मोबाइलवर जीपीएस चालू करून "किती एकर कसता" विचारता, तेव्हा त्याला दिसतं ते फॉरेस्टचं जीपीएस.

माझं मत: परत जा. एकट्या जा, मामांची गाडी नको, एसटीने. आणि तिलाच विचारा.


तापीकाठ (गुरुवार, रात्री ९:२५)

+१. सोमवारीच सांगितलं होतं झोपा म्हणून, पण हे जास्त बरोबर आहे.


गोळ्या_वाटणारी (शुक्रवार, सकाळी ८:४०)

जाताना आणखी एक. रेकॉर्डिंगं फोनमध्ये असतील तर ती आपोआप गूगलवर चढतायत का बघा. टाइप करायला कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवली होती का? आमच्या इथे एका पोराने मुलाखती टाइप करायला दिल्या त्या नेमक्या सरपंचाच्या पुतण्याला. नाव बदलायचं काम त्याच्यानंतर झालं!

आणि तिचा दिवस मोडणार असेल तर रोजाचे पैसे द्या. लाच होईल म्हणून घाबरू नका. बुडालेल्या मजुरीची भरपाई वेगळी आणि बोलण्याची किंमत वेगळी. मात्र पैसे आधी देऊन टाका, बोलली नाही तरी तिचेच.


शेवंतीचा_मळा (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:१५)

धागा वर काढतेय. तिला विचारून लिहितेय, आणि जेवढं लिही म्हणाली तेवढंच.

एसटीने गेले. फाट्यावरून दोन किलोमीटर चालत. मामांना आदल्या दिवशी सांगितलं की वस्तीवर जातेय आणि तुम्ही येऊ नका. त्यांना लागलं. अजून नीट बोलत नाहीत. आईचाही फोन आला होता. तो भाग सोडते.

ती घरी होती. रोजाचे पैसे आधी दिले, तिने मोजून कमरेला लावले. मग मी सांगितलं की त्या दिवशी तू लिहू नको म्हणालीस आणि मी घरी जाऊन लिहिलं. डायरीची ती पानं सोबत नेली होती. तिने हातात घेतली, अक्षरांकडे बघितलं आणि चुलीत घातली. काही बोलली नाही. पुढे त्यावर मीही बोलले नाही. प्रकरण चारमधून ते गेलं. गाइडना कळवलंय. ते म्हणाले प्रकरण पडलं, पण तुझा निर्णय.

मला वाटलं काम झालं. उठले, तर म्हणाली, बाकीचं काय लिहिलंस? "माले वाची दखाड."

बसले आणि वाचून दाखवलं. तिच्या हंगामाचा हिशोब आहे त्यात, उचल किती, टन किती, खाड्यांचे पैसे किती कापले, कोणत्या महिन्यात मुकादमाशी भांडण झालं. मी वाचत होते "सखूबाई (नाव बदलले आहे) सांगतात". तिने थांबवलं. सखू कोण? मी गुप्ततेचं सगळं समजावलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मनं नाव काबर काढं? तो हिशोब मी मांडेल शे. मना हिशोब, अन नाव दुसरीनं?" (माझं नाव का काढलं? तो हिशोब मी मांडलाय. हिशोब माझा, आणि नाव दुसरीचं?)

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ३४ बायकांची नावं मी एका झटक्यात बदलली होती आणि एकीलाही विचारलं नव्हतं. नाव लपवायचं की नाही हेही मीच ठरवलं. तिच्या पडावावर भांडून हिशोब मागणारी ती एकटी होती, वस्तीत तिला त्यासाठी मान आहे, आणि मी तो मान सखूबाईला देऊन टाकला.


ठोसा (रविवार, रात्री १०:३१)

मी म्हटलं नव्हतं?


गिरणाथडी (रविवार, रात्री १०:४४)

ठोसा, तुम्ही दुसरं म्हणाला होतात. असो, अर्धे गुण.

शेवंती, घाई करू नका. नाव घातलं की तिच्या नवऱ्याची, जावेची, शेजारणीची ओळखही उघडी पडते, त्यांनी होकार दिलेला नाही. पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जायचंय का, हेही विचारलंत का?


शेवंतीचा_मळा (रविवार, रात्री ११:०२)

विचारलं. त्याच्याकडे नाही जायचं म्हणाली, टोळी बदलली आहे. पण भाऊ अजून त्याच्याकडे आहे. त्यावर आमचं तासभर चाललं. शेवटी ठरलं ते असं: हिशोबाचा भाग वेगळा काढायचा, त्यात फक्त ती आणि मुकादम, तिचं खरं नाव, आणि घरच्या कुणाचा उल्लेख नाही. घरातल्या, दुखण्याच्या, पोरांच्या गोष्टी इतर बायकांच्या गोष्टींत मिसळून टाकायच्या, तिथे सखूसुद्धा नको. आणि छापण्याआधी एकदा परत वाचून दाखवायचं. भावाला ती स्वतः विचारणार आहे. तो नको म्हणाला तर नाव नाही. उरलेल्या ३३ जणींकडेही जावं लागणार. सबमिशन पुढे गेलं, फेलोशिपची मुदत संपतेय, बघू.


मास्तर_निवृत्त (सोमवार, सकाळी ७:२०)

वाचून दाखवल्यावर आणखी काही म्हणाली का?


शेवंतीचा_मळा (सोमवार, सकाळी ९:०५)

हो सर. एक आकडा चुकला होता. मार्गशीर्षातल्या एका पंधरवड्याचे मी १३ टन लिहिले होते. ती म्हणाली, "तेरा नही, सतरा." मी मोबाइलमधला फोटो दाखवला, पावतीवर स्पष्ट १३ आहे. ती आत गेली आणि पोराची जुनी शाळेची वही घेऊन आली. शेवटच्या पानावर उभ्या रेघा मारलेल्या, दर टनाला एक. आम्ही दोघींनी दोनदा मोजल्या. सतरा.

मी मुकादमाची पावती घेतली होती.


मास्तर_निवृत्त (सोमवार, सकाळी ९:१८)

आता किती लिहिलंय?


शेवंतीचा_मळा (सोमवार, सकाळी ९:२५)

१७. तेरा तळटीपेत गेले.